हॉकीचा संघ कोणत्या गावी नांदतो?

१७ एप्रिल २०२४ रोजी अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील टेंपी या शहरात, विद्यापीठाच्या आवारातील जेमतेम पाच हजार आसनांच्या स्टेडियममध्ये, ॲरिझोना कायोटीज या आइस हॉकी संघाने कॅनडातील एडमंटनच्या संघाला ५-२ असे हरवले आणि दुसऱ्याच दिवशी त्या संघाने तेथला गाशा गुंडाळला. खेळाडू आणि प्रशिक्षक सॉल्ट लेक सिटीला रवाना झाले; संघाच्या विक्रीचा हा व्यवहार १२० कोटी डॉलरचा होता. या बातमीवर अनेकांची प्रतिक्रिया अशी होती की, वाळवंटात बर्फावरचा खेळ रुजवण्याचा खुळा हट्ट एकदाचा संपला. ही प्रतिक्रिया पटण्याजोगी वाटली तरी कारण म्हणून ती टिकत नाही. लास वेगासही वाळवंटातच वसलेले आहे. तेथला संघ २०१७ साली स्थापन झाला आणि २०२३ साली त्याने स्टॅन्ली कप, म्हणजे उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकीचे विजेतेपद, जिंकला. २०२० आणि २०२१ चा कप फ्लोरिडातील टँपा बे संघाने नेला आणि २०२४ व २०२५ चा कप त्याच राज्यातील फ्लोरिडा पँथर्सने नेला. फ्लोरिडात बर्फ शोधायचा तर शीतपेयाच्या पेल्यातच शोधावा लागतो.

आपल्याकडे हॉकी म्हटले की हिरवळीवरची हॉकी डोळ्यांसमोर येते, आणि आइस हॉकी भारतात मुख्यतः लडाखमध्ये, लेह आणि कारगिलच्या गोठलेल्या तळ्यांवर खेळली जाते. त्यामुळे ‘जिथे थंडी तिथे हा खेळ’ ही समजूत आपल्या मनात साहजिकच घट्ट बसलेली असते. उत्तर अमेरिकेत मात्र व्यावसायिक हॉकी आणि हवामान यांची फारकत होऊन शतक उलटले आहे. लेस्टर आणि फ्रँक पॅट्रिक या भावांनी वडिलांच्या लाकूड व्यवसायाच्या विक्रीतून आलेल्या पैशांवर १९११ साली व्हिक्टोरिया आणि व्हँकूव्हर येथे कॅनडातील पहिली कृत्रिम बर्फाची स्टेडियमे उभारली, कारण प्रशांत महासागराच्या त्या किनाऱ्यावरचा हिवाळा सौम्य असतो आणि तळी भरवशाने गोठत नाहीत. काँक्रीटच्या लादीत नळ्यांचे जाळे पुरायचे, त्यातून शून्याखाली थंड केलेले खारे पाणी फिरवायचे आणि वरून पाण्याचे पातळ थर एकावर एक गोठवत न्यायचे, ही रीत आजही तीच आहे. तयार होणारा बर्फ इंचभराच्या आसपास जाड असतो आणि मैदानावरच्या लाल-निळ्या रेषा त्या थरांच्या मध्ये रंगवलेल्या असतात. दोन सत्रांच्या मध्यंतरात जे अवजड यंत्र मैदानभर फिरते, ते पात्याने वरचा खरवडलेला पापुद्रा काढते, तो पोटात साठवते आणि मागे गरम पाण्याचा पातळ थर सोडत जाते. तो थर गोठला की मैदान पुन्हा आरशासारखे होते. या यंत्राचा शोध १९४९ साली फ्रँक झँबोनी यांनी लावला, तोही दक्षिण कॅलिफोर्नियातील पॅरामाउंट या गावी. बर्फ ही अशी विकत मिळणारी वस्तू झाल्यावर संघ कुठे असावा हा प्रश्न हवामानशास्त्राच्या हातून सुटला आणि अर्थशास्त्राच्या हाती आला.

नॅशनल हॉकी लीगची, म्हणजे या व्यावसायिक संघांच्या संघटनेची, स्थापना १९१७ साली माँट्रियल येथे झाली. १९६७ पर्यंतचा बराच काळ तिच्यात सहाच संघ होते. आज ३२ आहेत, आणि त्यांपैकी २५ अमेरिकेत व सात कॅनडात आहेत. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात हे पारडे दक्षिणेकडे वेगाने झुकले. कॅनडातील क्युबेक सिटीचा संघ १९९५ साली अमेरिकेतील डेन्व्हरला गेला आणि पहिल्याच हंगामात कप जिंकून मोकळा झाला. क्युबेककरांच्या जखमेवर याहून तिखट मीठ सापडले नसते. कॅनडातल्याच विनिपेगचा संघ १९९६ साली ॲरिझोनातील फिनिक्सला गेला, आणि टेंपीतून २०२४ साली उठलेला तो हाच संघ.

या स्थलांतरांमागे चलनाचा एक साधा हिशेब होता. कॅनडातील संघाची तिकिटे आणि जाहिराती कॅनेडियन डॉलरमध्ये विकल्या जातात, तर खेळाडूंचे पगार अमेरिकी डॉलरमध्ये द्यावे लागतात. १९९६ साली एक कॅनेडियन डॉलर सुमारे ७३ अमेरिकी सेंटचा होता आणि जानेवारी २००२ मध्ये तो ६२ सेंटच्याही किंचित खाली गेला. म्हणजे प्रेक्षकांनी पूर्वीइतकीच गर्दी केली आणि एकही खुर्ची रिकामी राहिली नाही, तरी मालकाच्या हातातील पैसा पगाराच्या दिवशी १९९६ च्या तुलनेत सुमारे १५ टक्क्यांनी आटलेला असे. जानेवारी २००० मध्ये कॅनडाच्या सरकारने या संघांना मदत जाहीर केली आणि लोकांचा संताप पाहून तीनच दिवसांत ती मागे घेतली. पुढे २००४-०५ चा अख्खा हंगाम मालक-खेळाडू वादात वाया गेल्यावर वेतनमर्यादा आणि श्रीमंत संघांकडून गरीब संघांकडे महसुलाचे वाटप सुरू झाले. २०११ साली अटलांटाचा संघ विनिपेगला आला, तेव्हा कॅनेडियन डॉलर अमेरिकी डॉलरच्या बरोबरीला, किंबहुना थोडा वर होता. तेरा हजार हंगामी तिकिटे हातोहात खपली. शहराचे प्रेम १९९६ मध्येही तेवढेच होते. बदलला होता तो विनिमयाचा दर.

येथे एका ‘शापा’चा उल्लेख करायला हवा. १९९३ साली माँट्रियलने कप जिंकल्यानंतर २०२५ पर्यंत कॅनडातील एकाही संघाला तो जिंकता आलेला नाही, आणि तिकडे या अपयशाला शाप म्हणणारे लोक पुष्कळ आहेत. पाचांतला एक संघ कॅनडाचा आणि सगळे संघ तुल्यबळ असे धरले, तर सलग ३१ स्पर्धांत कॅनडाला अपयश येण्याची शक्यता ०.८ चा ३१ वा घात, म्हणजे साधारण हजारात एक निघते. ही शक्यता अगदी लहान आहे हे खरेच. पण एखादा योगायोग आधी घडू देऊन मग त्याची शक्यता मोजली, तर ती नेहमीच लहान निघते. शिवाय या काळात कॅनडाचे संघ पाच वेळा अंतिम फेरीच्या सातव्या, निर्णायक सामन्यात हरले आहेत. त्यांतले दोन सामने उलटे लागले असते, तर या शापाला कोणी नावही ठेवले नसते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. क्युबेक सिटीने सुमारे ३७ कोटी कॅनेडियन डॉलर खर्चून अठरा हजारांहून अधिक आसनांचे नवे स्टेडियम सप्टेंबर २०१५ मध्ये सुरू केले आणि लीगकडे संघासाठी अर्ज केला. त्याच वेळी लास वेगासचाही अर्ज होता. २०१६ साली वेगासला संघ मिळाला आणि क्युबेकचा अर्ज लांबणीवर टाकण्यात आला, तो आजतागायत तेथेच आहे. लीगने कारणे दिली ती घसरलेल्या कॅनेडियन डॉलरची आणि पूर्वेकडे आधीच जास्त असलेल्या संघांची. ही कारणे खोटी नव्हती. पण त्यांच्या तळाशी बारावीच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकातील एक जुना शब्द आहे, ‘सीमान्त’, म्हणजे एक नग वाढवल्याने एकूणात पडणारी भर, आणि हा हिशेब मला इतका आवडतो की तो थोडा सविस्तर मांडल्याशिवाय राहवत नाही.

एखाद्या दैनिकाची पुणे आवृत्ती साताऱ्यात घरोघर जाते असे समजा. मालकांनी साताऱ्याची स्वतंत्र आवृत्ती काढली, तर तिचा खप पहिल्या दिवसापासून उत्तम दिसेल. पण तो बराचसा पुणे आवृत्तीतून वजा झालेला असेल. साताऱ्याचा खप किती, याला महत्त्व नाही. दैनिकाच्या एकूण खपात भर किती पडली, याला आहे. क्युबेकचे लोक हॉकी आधीच पाहतात. कॅनडातील राष्ट्रीय प्रक्षेपणाचे हक्क २०१३ मध्येच बारा वर्षांसाठी ५२० कोटी कॅनेडियन डॉलरना विकले गेले होते, त्यामुळे क्युबेकला संघ देऊन त्या करारात त्या मुदतीत एका पैशाचीही भर पडणार नव्हती. उलट अमेरिकेतील करार २०२१ साली नव्याने व्हायचा होता.

आता आकडे मांडू. अमेरिकेतील नव्या करारांतून लीगला वर्षाला सुमारे ६२.५ कोटी डॉलर मिळू लागले, आणि ही रक्कम सर्व संघांत सारखी वाटली जाते. ३१ संघ असते तर प्रत्येकाच्या वाट्याला २.०२ कोटी आले असते. त्याच वर्षी सिॲटल हा ३२ वा संघ दाखल झाल्याने वाटा १.९५ कोटींवर आला. म्हणजे प्रत्येक जुन्या मालकाचे दरसाल सुमारे ६.३ लाख डॉलर गेले. बदल्यात सिॲटलने ६५ कोटी डॉलर प्रवेश शुल्क भरले. त्यात वेगासला वाटा नव्हता, म्हणून उरलेल्या ३० मालकांना प्रत्येकी सुमारे २.१७ कोटी एकरकमी मिळाले. व्याजदर पाच टक्के धरला तर दरसाल ६.३ लाखांच्या कायमच्या तोट्याचे आजचे मूल्य ६.३ भागिले ०.०५, म्हणजे १.२६ कोटी होते. २.१७ कोटी मिळाले आणि १.२६ कोटी गेले, म्हणजे सौदा फायद्याचा दिसतो.

पण प्रक्षेपणाच्या कराराची रक्कम स्थिर राहत नाही. ती दरसाल तीन टक्क्यांनी वाढते असे धरले, तर तोटाही त्याच गतीने वाढेल, आणि भूमितीय श्रेढीची बेरीज करताना भाजक ०.०५ ऐवजी ०.०५ वजा ०.०३, म्हणजे ०.०२ होईल. आता तोट्याचे आजचे मूल्य ३.१५ कोटी भरते आणि तोच सौदा अंगाशी येतो. व्याजदर आणि वाढीचा दर यांतले अंतर जितके कमी, तितका हा भाजक लहान आणि तोटा मोठा, हे ज्याच्या ध्यानात आले त्याला प्रवेश शुल्काचे कोट्यवधींचे आकडे पाहून भुरळ पडणार नाही. जुन्या मालकांचा वाटा मुळीच घटू नये असे वाटत असेल, तर नव्या संघाने सामाईक रकमेत किमान एकतिसांश, म्हणजे सव्वातीन टक्के भर घालायला हवी. सुमारे ४० लाख वस्तीचा आणि तोवर लीगमध्ये संघ नसलेला सिॲटलचा महानगर परिसर ती घालू शकेल, असे मानायला जागा होती. सुमारे आठ लाख वस्तीच्या आणि आधीच हॉकीवेड्या क्युबेकबाबत तसे मानणे कठीण होते. आधीच्या अमेरिकी कराराचे वर्षाला सुमारे २० कोटी मिळत, त्यांचे ६२.५ कोटी झाले, ही सगळी वाढ वेगास आणि सिॲटलमुळे झाली असे मात्र कोणी समजू नये. थेट सामन्यांच्या प्रक्षेपणाचे भाव त्या काळात सर्वच खेळांत चढले होते.

हाच हिशेब टोरांटोला लावला तर कोडे पडते. साठ लाखांहून अधिक वस्तीच्या त्या महानगराला एकच संघ आहे, तर न्यूयॉर्कच्या परिसरात तीन आहेत. टोरांटोत दुसरा संघ तिकिटे भराभर विकेल याविषयी शंका नाही. पण सामाईक रकमेत तो फारशी भर घालणार नाही आणि तिकिटांचा पैसा मात्र शेजाऱ्याच्या गल्ल्यातून उचलेल. लीगच्या घटनेप्रमाणे शहराच्या हद्दीपासून ५० मैलांपर्यंतचा प्रदेश त्या संघाचा असतो. १९९३ साली लॉस एंजेलिसजवळच्या अनाहाइमच्या संघाने ५ कोटी डॉलर प्रवेश शुल्क भरले, त्यातले निम्मे लॉस एंजेलिसच्या संघाला मिळाले, ते याच हद्दीपोटी. ब्लॅकबेरी कंपनीचे जिम बाल्सिली यांनी दिवाळखोरीत निघालेला फिनिक्सचा संघ २००९ साली विकत घेऊन टोरांटोजवळच्या हॅमिल्टनला नेण्याचा बेत केला, तेव्हा लीगने न्यायालयात झुंज दिली. बाल्सिली यांची बोली सर्वांत मोठी असूनही ती फेटाळली गेली आणि लीगने १४ कोटी डॉलरना तो संघ स्वतःच घेतला. जास्त पैसे देणारा दारात उभा असताना कमी पैशांत माल स्वतःकडे ठेवणारा व्यापारी वेडा नसतो. त्याला भाव ठरवण्याचा हक्क हातचा घालवायचा नसतो.

संघ नसलेले शहर लीगला आणखी एका कारणाने उपयोगी पडते. जुने स्टेडियम पाडून नवे बांधा, नाहीतर आम्ही चाललो, ही धमकी खरी वाटायची तर जायला जागा दिसली पाहिजे. फिनिक्सजवळच्या ग्लेंडेल नगरपालिकेने २००३ साली सुरू झालेल्या स्टेडियमवर १८ कोटी डॉलर घातले आणि पुढे संघ जाऊ नये म्हणून लीगला सलग दोन हंगाम प्रत्येकी अडीच कोटी डॉलर दिले. अशा वेळी ‘संघामुळे रोजगार वाढेल, परिसराची भरभराट होईल’ असे अहवाल हमखास निघतात. त्यांवर विश्वास ठेवू नये. स्वतंत्रपणे अभ्यास करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांना अशी भरभराट सहसा आढळत नाही, आणि कारण पुन्हा सीमान्तच आहे: सामन्याला गेलेले कुटुंब त्या महिन्यात सिनेमाला किंवा हॉटेलात जात नाही, आणि गावातला पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो. मे २०२३ मध्ये टेंपीच्या मतदारांनी नव्या स्टेडियमचे तिन्ही प्रस्ताव फेटाळले, तेव्हा कायोटीजला त्या राज्यात जागा उरली नाही. उन्हाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

विनिपेगमध्ये २०२४ च्या सुरुवातीला हंगामी तिकिटांची संख्या तेरा हजारांवरून साडेनऊ हजारांच्या आसपास उतरल्याची बातमी आली, आणि लीगचे आयुक्त गॅरी बेटमन शहरात येऊन गेले. क्युबेकच्या नव्या स्टेडियमच्या बर्फावर आज कुमार गटाचा संघ खेळतो. आणि ज्या अटलांटाने १९८० आणि २०११ असे दोनदा संघ गमावले, त्या साठ लाख वस्तीच्या महानगराच्या उत्तरेकडील उपनगरांत तिसऱ्या संघासाठी स्टेडियमच्या योजना मांडल्या जात आहेत.