इंजिन उतरवणं आणि इंजिन बदलणं

गॅरेजमध्ये मिस्त्री म्हणतो, "साहेब, इंजिन उतरवावं लागेल." घरी पोचेपर्यंत त्याचं "इंजिन बदलायचंय" झालेलं असतं. गोष्टी दोन आहेत.

उतरवून काम करणं म्हणजे ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, आपलाच राहतो. पिस्टनभोवतीच्या रिंगा, बेअरिंग, गॅस्केट, सील नवी पडतात. सिलिंडर घासला असेल तर बोअर करून, म्हणजे त्याचं भोक आतून थोडं कोरून मोठं करून, ओव्हरसाइज पिस्टन बसवतात. बदलणं म्हणजे अख्खं इंजिन जाऊन दुसरं येतं आणि त्याच्याबरोबर दुसरा इंजिन नंबरही येतो.

पण त्याआधी, इंजिन खरंच गेलंय का? मुंबईत किलोमीटरवरून अंदाज बांधू नका. सिग्नलला आणि जॅममध्ये गाडी जागेवर असते, इंजिन मात्र फिरत असतं. धूर बघा. ॲक्सिलरेटर दाबताना निळा धूर येत राहिला तर रिंगांवर संशय घ्यावा. सकाळी स्टार्ट करताना तेवढा भसकन येऊन थांबला तर बहुधा व्हॉल्व्ह सील. मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजून घ्या. आकडा कमी आलेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर झिजलेत; जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह नाहीतर हेड गॅस्केट (ब्लॉक आणि त्यावरचं व्हॉल्व्हचं झाकण, म्हणजे हेड, यांमधलं पॅकिंग). सीएनजीवर वर्षानुवर्षं पळालेल्या गाड्यांत व्हॉल्व्ह सीट झिजतात, पिकअप मरतो आणि मालक इंजिनाचं श्राद्ध घालायला निघतो. तिथे नुसतं हेडचं काम पुरतं. या चाचणीशिवाय मी तरी कुणाला इंजिन उघडू देणार नाही.

साध्या झिजेला माझा कौल कामालाच. बदलायची वेळ येते ती ब्लॉकला तडा गेला असेल, पिस्टनला जोडलेल्या कनेक्टिंग रॉडने त्याला भोक पाडलं असेल किंवा बोअर करायला जाडीच उरली नसेल तेव्हा. पावसाळ्यात हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यात गाडी बंद पडल्यावर पुन्हा पुन्हा सेल मारणारे ही वेळ स्वतः ओढवून घेतात. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, म्हणून रॉड वाकतो. नुसता वाकला असेल तर तो बदलून भागतंही. ब्लॉक फोडून बाहेर आला की संपलं.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या पार्टांच्या बाजारातून आणलेलं जुनं इंजिन कामापेक्षा स्वस्त पडू शकतं, पण ते किती पळालं, कसं पळालं, हे कोण सांगणार? निदान कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि ते कुठल्या गाडीचं होतं याचे कागद नसतील तर फुकटही नको, चोरीच्या गाडीचं निघालं तर निस्तरायचं आपल्यालाच. आरसीवर इंजिन नंबर असतो, त्यामुळे आरटीओची मंजुरी आधीच घ्यावी. मंजुरीशिवाय बदललं असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे 14 दिवसांत कळवावं लागतं. विमा कंपनीलाही नवा नंबर कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी तोच आडवा येतो.

काम करायचं ठरलं तर काढलेली बेअरिंग परत मागून घ्या. त्यांवर तांबूस थर उघडा पडला असेल तर क्रँक, म्हणजे या बेअरिंगांत फिरणारा दांडा, मोजला का, ते विचारा. न मोजता नवी बेअरिंग घातली तर पुढच्या पावसाळ्याआधी इंजिन पुन्हा खाली येईल.