‘मन होत नाही’ म्हणजे काय?

मे महिन्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सगळेच घामाने निथळत असतात. मिरच्या निवडता निवडता एखादीचा चेहरा एकदम तापला आणि ती पदराने वारा घेऊ लागली, तर कोण बघतंय? पाळी जायच्या वयात इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन उतरलं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र हळवं होतं, जराशा फरकानेही घाम फोडतं. एवढं तरी बायका एकमेकींना सांगतात.

“आता मन होत नाही गो,” नात्यातल्या एक वहिनी मला म्हणाल्या. पाळी जाऊन त्यांना दोन वर्षं झालेली. बराच वेळ बोलल्यावर कळलं, मन होत होतं. पण दुखत होतं.

योनीचं अस्तर जाड आणि ओलं राहतं ते इस्ट्रोजेनमुळे. त्या अस्तरातल्या ग्लायकोजेनवर, म्हणजे साठवलेल्या साखरेवर, लॅक्टोबॅसिलस जिवाणू पोसतात (दही लावणाऱ्या जिवाणूंचे चुलतभाऊच) आणि लॅक्टिक आम्ल तयार करून रोगजंतूंना लांब ठेवतात. इस्ट्रोजेन आटलं की अस्तर पातळ होतं, आम्लता घटते. कोरडेपणा, जळजळ, पुन्हापुन्हा लघवीचा संसर्ग सुरू होतो. संबंधाच्या वेळी दोनदा दुखलं की तिसऱ्या वेळी स्पर्शाआधीच तिथले स्नायू आवळतात, मग आणखी दुखतं. ती कूस बदलते. त्याला वाटतं, हिला मी नकोसा झालो.

घामाचे झटके बहुतेकींचे काही वर्षांत ओसरतात. कोरडेपणा सहसा आपोआप जात नाही, आणि बायका नेमका तोच सोसत बसतात. औषधाच्या दुकानात पाण्यावर आधारित जेल मिळतं. तेवढ्याने भागलं नाही तर डॉक्टर योनीत लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम देतात. ते रक्तात फारच थोडं उतरतं. हार्मोनची धास्ती पसरली ती 2002 सालच्या अमेरिकी अभ्यासामुळे, पण त्यात पोटात घ्यायच्या गोळ्या तपासल्या होत्या, हे क्रीम नव्हे. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेला असेल तर मात्र आधी डॉक्टरांशी बोलायचं. आणि पाळी वर्षभर बंद राहून पुन्हा रक्त दिसलं, तर डॉक्टरांकडे जायला थांबायचंच नाही.

आपल्याकडे घरोघरी खोबरेल असतं, ते लावणाऱ्याही आहेत. पण तेलाने निरोधचं रबर कमकुवत होऊन फाटतं. या वयात निरोध कशाला, असं वाटेल. पण गर्भ राहू नये म्हणून, पाळी पन्नाशीनंतर गेली तरी शेवटच्या पाळीपासून 1 वर्ष आणि पन्नाशीआधी गेली तर 2 वर्षं काळजी घ्यायला सांगतात.

वहिनींनी जेल आणायला भाऊंनाच, म्हणजे नवऱ्यालाच, पाठवलं. म्हापशात सगळे ओळखीचे, म्हणून ते पणजीला जाऊन घेऊन आले.