मुक्ती मिशन, केडगाव

पुणे जिल्ह्याच्या दौंड तालुक्यात, पुणे–सोलापूर लोहमार्गावरील केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) निराधार स्त्रिया व मुलींसाठी उभारलेली ख्रिस्ती सेवासंस्था. दुष्काळात अनाथ झालेल्या, टाकलेल्या, फसवल्या गेलेल्या, आंधळ्या आणि म्हाताऱ्या, म्हणजे ज्यांना कोणीच दारात उभे करत नव्हते, अशा बायकांना येथे आसरा, शिक्षण आणि हाताला काम मिळाले.

संस्थेचे मूळ शारदा सदनात आहे. अमेरिकेतील हितचिंतकांनी १० वर्षे मदत देण्याचे कबूल केल्यावर रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत हे सदन काढले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलवले. ते मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते. तेथे ज्याचा त्याचा सोवळा स्वयंपाक करायला मोकळीक होती आणि धर्मशिक्षणाची सक्ती नव्हती. धोंडो केशव कर्वे यांच्या द्वितीय पत्नी गोदूबाई (आनंदीबाई) येथेच शिकल्या. मात्र रमाबाईंच्या प्रार्थनेला काही मुली बसतात हे कळताच ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या.

केडगावची जमीन घेतली ती काही आश्रमासाठी नव्हे. अमेरिकन मदतीची मुदत संपल्यावर सदनाचा खर्च भागावा, म्हणून तेथे शेती व फळबाग करायची होती. १८९६–९७ च्या दुष्काळाने तो बेत पालटला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली गोळा करून घेऊन आल्या. हे धाडस समजण्यासाठी त्यांच्या पूर्वायुष्याकडे पाहावे लागते: १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांचे आई-वडील आणि थोरली बहीण अन्नान्न दशेत गेली होती, आणि भुकेने गलितगात्र होऊन भटकणे त्यांनी स्वतः भोगले होते. पुण्यात त्या वेळी प्लेगचे निर्बंध होते. नव्या मुलींना शहरात ठेवता येईना. मग केडगावच्या उघड्या माळावर तात्पुरता निवारा उभा राहिला, आणि १८९८ मध्ये तेथे मुक्तिसदनाची वास्तू झाली. १९०० च्या गुजरात दुष्काळानंतर रहिवाशांची संख्या सुमारे २,००० वर पोहोचली.

या मुलींबरोबर संस्थेचा उंबरठाही रुंद झाला. शारदा सदनातला जातीचा विचार येथे टिकणे शक्य नव्हते. ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. त्याचे बीज इंग्लंडमधले. १८८३ मध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेण्याच्या सुमारास रमाबाईंनी लंडनच्या फुलहॅम भागात वाँटेजच्या भगिनींचे (ख्रिस्ती संन्यासिनींचे) अशा स्त्रियांसाठीचे काम पाहिले होते. समाजाने हाकललेल्या बाईची कोणी मायेने शुश्रूषा करते, हे त्यांना नवे होते. असे का करता, या त्यांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानातील येशू आणि शोमरोनी (यहुदी ज्यांना हीन मानत, त्या समाजातील) स्त्रीची गोष्ट त्यांना वाचून दाखवण्यात आली. त्यांच्या धर्मांतराच्या वादात ही भेट सहसा झाकली जाते. वृद्ध व अपंगांसाठी प्रीतिसदन, तर अंधांसाठी बार्तमी सदन होते. या दुसऱ्याचे नाव येशूने दृष्टी दिलेल्या बार्तीमयावरून आले. तेथे ब्रेल शिकवण्यात रमाबाईंची कन्या मनोरमा यांचा मोठा वाटा होता.

केवळ जेवूखाऊ घालून ठेवायचे, ही पद्धत रमाबाईंना मान्य नव्हती. शेती, दूधदुभते, तेलघाणा, विणकाम, शिवण, छपाई ही कामे बायकाच करत. वाचायला येणे आणि पोटापुरते कमावता येणे, दोन्ही हवे होते.

केडगाव मात्र शारदा सदनासारखे धर्मनिरपेक्ष राहिले नाही; प्रार्थना आणि बायबल हा तेथील दिनक्रमच होता. १९०५ मध्ये येथे उसळलेल्या प्रार्थनेच्या लाटेची दखल पवित्र आत्म्याच्या प्रत्यक्ष अनुभवावर भर देणाऱ्या पेंटेकोस्टल ख्रिस्ती पंथाच्या जगभरच्या इतिहासात घेतली जाते. असहाय मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळवले जाते, हा टीकाकारांचा मुद्दा अगदीच पोकळ नाही: पुण्यातल्या मुलींचे पालक येऊन त्यांना परत नेऊ शकत होते, दुष्काळातल्या पोरक्या मुलींच्या वतीने बोलणारे कोणी नव्हते. दुसऱ्या बाजूने, रमाबाई कोणत्याच चर्चच्या शिस्तीत पुरत्या बसल्या नाहीत, त्यामुळे मिशनरीही त्यांच्याविषयी नेहमी निर्धास्त नसत.

प्रचलित मराठी बायबलची संस्कृतप्रचुर भाषा साध्या बायकांना कळत नाही, म्हणून रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून मुळावरून सोपे भाषांतर केले. १९१९ मध्ये त्यांना ब्रिटिश सरकारचे लोकसेवेसाठीचे कैसर-ए-हिंद पदक मिळाले. १९२१ मध्ये मनोरमा गेल्या. ज्यांच्या हाती संस्था सोपवायची, त्याच आधी गेल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले, तेव्हा भाषांतर हातावेगळे झाले होते. १९२४ मध्ये ते केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडले.