मोटार मेकॅनिकचं आयटीआय आणि ऑटोमोबाईल डिप्लोमा: एकात दुसरं येत नाही

दहावीचा निकाल लागला की गाड्यांची आवड असलेल्या पोरांच्या घरात एक काका हमखास उगवतात आणि सांगतात, "सरळ डिप्लोमा घे, आयटीआय त्यात येऊनच जातं." आठ आण्यांत चार आणे असतातच, असा हा हिशेब. तो चुकीचा आहे, आणि तो चुकीचा असल्याचं पोराला कळतं ते तीन-चार वर्षांनी, नोकरीचा अर्ज भरताना.

आधी किरकोळ फरक उरकून घेऊ. दोन्हीकडे दहावीनंतर जाता येतं. 'मेकॅनिक मोटर व्हेईकल' हा आयटीआयचा ट्रेड, म्हणजे तिथली शाखा, 2 वर्षांचा. आपल्याकडे त्याचे प्रवेश व्यवसाय शिक्षण संचालनालय करतं आणि शेवटी मिळतं ते राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र. ऑटोमोबाईल इंजिनीअरिंगचा डिप्लोमा 3 वर्षांचा, 6 सत्रांचा. प्रवेश तंत्रशिक्षण संचालनालयाचा, परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाची. फी, होस्टेल, बसचा पास ही चौकशी पालक स्वतःच उत्तम करतात, त्यात मी वेळ घालवत नाही.

आता मुद्दा. नोकरीच्या जाहिरातीत "दहावी आणि संबंधित ट्रेडमध्ये आयटीआय" असं लिहिलेलं असेल, तर डिप्लोमावाला 'आपण तर वरचे' म्हणून अर्ज टाकतो आणि कागदपत्रं तपासताना बाद होतो. मग अन्याय झाला म्हणून ओरड. पण हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलेला आहे. जम्मू-काश्मीरच्या वीज विभागात टेक्निशियनच्या पदांसाठी आयटीआय मागितलं होतं आणि डिप्लोमाधारक म्हणत होते, आमची पात्रता वरची, आम्हाला घ्या. 2018 मध्ये न्यायालयाने ते मानलं नाही. वरची पात्रता असली म्हणजे खालची तिच्यात आपोआप धरली जाते असं नाही. नियमातच तशी सोय असेल तर गोष्ट वेगळी. तिथे ट्रेड विजेचा होता, पण तत्त्व मोटारीलाही तेच लागू. रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटसारख्या भरतीत आयटीआयऐवजी डिप्लोमा चालतो, कारण तसं जाहिरातीतच छापलेलं असतं. म्हणजे काकांचं ऐकण्याआधी जाहिरातीतला पात्रतेचा परिच्छेद वाचायचा, शब्दन् शब्द.

उलट बाजूने दार याहून घट्ट बंद आहे. आरटीओतला सहायक मोटार वाहन निरीक्षक व्हायचं तर ऑटोमोबाईल किंवा मेकॅनिकलचा 3 वर्षांचा डिप्लोमा लागतो. नुसत्या आयटीआयवर, मग गॅरेजमध्ये वीस वर्षं इंजिनं उघडलेली असोत, लोकसेवा आयोगाचा तो अर्ज भरता येत नाही. अप्रेंटिसशिपचीही तीच तऱ्हा. आयटीआयवाला ट्रेड अप्रेंटिस, डिप्लोमावाला टेक्निशियन अप्रेंटिस. कायदा एकच, 1961 चा. पण रांगा दोन आणि शेवटी हातात पडणारे कागदही दोन.

असं का, ते आत डोकावलं की कळतं. आयटीआयच्या सध्याच्या अभ्यासक्रमात वर्षाच्या 1,200 तासांपैकी 840 तास प्रत्यक्ष कामाचे आहेत. सुरुवातीला पोरगा गाडीला हातही लावत नाही. लोखंडी पट्टीला कानस मारत बसतो, काटकोन तपासायचा गुण्या लावून उजेडासमोर धरतो, फट दिसली की पुन्हा कानस. कंटाळतो, शिव्या घालतो. पण पुढे टॅपेट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागातली फट, सेट करताना फट मोजायच्या फीलर गेजची पाती कितपत अडकत सरकली पाहिजे हे त्याच्या बोटांना समजतं ते तिथूनच. डिप्लोमाचा पोरगा त्याच वेळी गणित, ग्राफिक्स (म्हणजे इंजिनीअरिंगचं ड्रॉइंग), मेकॅनिक्सच्या पेपरांशी झुंजत असतो. टॅपेटला फट मुळात का ठेवायची, गरम झाल्यावर धातू किती वाढतो, हे तो मांडून दाखवेल. पाना हातात दिलात तर मात्र जरा लांब उभे राहा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात हेच वाटप दिसतं. फ्लोअरवर गिअरबॉक्स उतरवणारा बहुतेकदा आयटीआयचा. काउंटरवर ग्राहकाची तक्रार ऐकून जॉबकार्ड लिहिणारा सर्व्हिस अॅडव्हायझर बहुतेकदा डिप्लोमाचा. खासगीत ही रेघ ओलांडता येते, माणूस कामाचा असेल तर मालक कागद फार बघत नाही. सरकारी अर्जात ही सवलत नाही.

माझं मत विचाराल तर, ज्याला हाताने काम करायला आवडतं आणि गणिताचा धसका आहे, त्याने आधी आयटीआय करावं. 2 वर्षांचं आयटीआय झालं की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मागता येतो. म्हणजे 4 वर्षांत दोन्ही कागद खिशात आणि दोन्ही रांगांत उभं राहायची मुभा. सरळ डिप्लोमाच्या मानाने एकच वर्ष जास्त. याला 'वर्ष वाया गेलं' म्हणणाऱ्या नातेवाइकांशी वाद घालणं मी सोडून दिलंय.

फक्त इथे एक खड्डा आहे आणि बरेच जण त्यातच पडतात. दोन्ही ट्रेड गाड्यांचेच, म्हणून 'मेकॅनिक डिझेल' आणि 'मोटर व्हेईकल' एकच समजले जातात. डिझेलचा ट्रेड 1 वर्षाचा आहे. थेट दुसऱ्या वर्षासाठी दहावीनंतरचं 2 वर्षांचं आयटीआय लागतं. एक वर्ष वाचवायला डिझेल घेतलेला पोरगा पुढे डिप्लोमाला पहिल्या वर्षापासून बसतो, म्हणजे वाचवलेलं तर गेलंच. काम चटकन शिकून गॅरेजला लागायचं असेल तर डिझेल उत्तम ट्रेड आहे. डिप्लोमा डोक्यात असेल तर मोटर व्हेईकलच घ्या.

आणि ते सहा महिन्यांचे 'डिप्लोमा इन ऑटोमोबाईल' विकणारे खासगी क्लास. काम शिकवत असतीलही. पण प्रमाणपत्रावर तंत्रशिक्षण मंडळाचं नाव नसेल तर वर सांगितलेल्या एकाही रांगेत तो कागद चालणार नाही. फी भरण्याआधी जुन्या बॅचच्या कुणाचं तरी प्रमाणपत्र बघायला मागा.

थेट दुसऱ्या वर्षाला गेलात तर पहिल्या वर्षाचं गणित तुमच्या वाट्याला आलेलंच नसतं, आणि स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स (धातू किती भार सोसतो याचा विषय) मात्र ते येतं असं धरूनच शिकवतात. आयटीआयची परीक्षा संपल्यावर कॉलेज सुरू होईपर्यंतच्या सुट्टीत कुणाकडून तरी पहिल्या वर्षाची पुस्तकं घ्या आणि त्रिकोणमिती उरकून टाका.