पायांवरचं निळं जाळं: सुई की लेझर, हा प्रश्न नंतरचा

मांडीच्या बाहेरच्या अंगाला, गुडघ्यामागे किंवा घोट्यापाशी लाल-जांभळ्या बारीक रेषांचं जाळं दिसतं, त्याला डॉक्टर स्पायडर व्हेन्स म्हणतात. या शिरा एक मिलिमीटरहूनही बारीक असतात. दिवसभर फळ्यापुढे उभ्या असलेल्या शिक्षिका, वॉर्डातल्या नर्स, हॉटेलांत राबणारी मुलं, दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बायका, असे पाय गोव्यात घरोघरी सापडतील. आईच्या पायांवर असतील तर मुलीच्या पायांवर येण्याची शक्यता वाढते. बहुतेकांना त्या दुखत नाहीत, फक्त नकोशा वाटतात. नकोशा वाटतात म्हणून उपचार घेतले तर त्यात कमीपणा काहीच नाही. मात्र दवाखान्यात पाऊल ठेवताच ‘लेझर करूया’ असं कुणी म्हणालं, तर आपण आधी विचारावं: या रेषांत रक्त येतंय कुठून?

पायातलं रक्त हृदयाकडे, म्हणजे वर चढायचं असतं. पोटरीचे स्नायू ते वर ढकलतात आणि शिरांमधल्या एकदिशा झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. आपल्या गोव्याच्या खाजन शेतीतली, म्हणजे खाडीकाठच्या बांधलेल्या सखल शेतांतली मानस (बांधातलं पाण्याचं दार) नेमकं हेच करते: भरतीच्या पाण्याच्या दाबाने तिची दारं आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. दार कुजलं की खारं पाणी शेतात घुसतं. झडप निकामी झाली की रक्त खाली साचतं, दाब वाढतो आणि आधी आतली मोठी शीर, मग तिला जोडलेल्या बारीक शिरा फुगतात. आतली गळती तशीच ठेवून वरच्या रेषा घालवल्या, तर काही महिन्यांत शेजारीच नव्या उमटतात. पाय जड वाटत असतील, संध्याकाळी सूज येत असेल, ठसठशीत फुगलेली शीर दिसत असेल किंवा घोट्याजवळची कातडी काळवंडली असेल, तर आधी शिरांतल्या रक्ताचा प्रवाह दाखवणारी डॉप्लर सोनोग्राफी करून घ्यावी. ती रुग्णाला उभं ठेवून केलेली बरी, कारण उलटं वाहणारं रक्त तेव्हाच नीट दिसतं.

आत गळती नसेल, तर पायांसाठी माझा कौल सुईला. या उपचाराला स्क्लेरोथेरपी म्हणतात. केसाएवढ्या बारीक सुईने डॉक्टर औषधाचा थेंब थेट शिरेत सोडतात. त्या क्षणी रेषेतलं रक्त पुढे ढकललं जातं आणि डोळ्यांदेखत ती रेष पुसल्यासारखी पांढरी होते, थोड्या वेळाने लालसर होऊन परत दिसते. ती परत दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही, काम आत सुरू झालेलं असतं. पोलिडोकॅनॉल किंवा सोडियम टेट्राडेसिल सल्फेट ही औषधं साबणाच्या जातीची. शिरेच्या आतल्या अस्तराच्या पेशी ती विरघळवतात. भिंती चिकटतात, शिरेचा तंतू होतो आणि शरीर तो हळूहळू शोषून घेतं. पोलिडोकॅनॉल मुळात जागा बधिर करण्यासाठी बनवलेलं औषध, त्यामुळे आग कमी होते. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2010 मध्ये त्याला पायांच्या या शिरा बंद करण्यासाठी मान्यता दिली. औषधाची तीव्रता बारीक रेषांसाठी 0.5 टक्के आणि त्याहून जाड, तीन मिलिमीटरपर्यंतच्या शिरांसाठी 1 टक्का. एका बैठकीत सगळं जात नाही. काही आठवड्यांच्या अंतराने दोन-तीन बैठका लागतात.

आता डागांबद्दल, कारण याबद्दल रुग्णाला फार कमी सांगितलं जातं. बंद झालेल्या शिरेत अडकलेल्या रक्तातलं लोह कातडीत उतरतं आणि रेषेच्या जागी तपकिरी पट्टा उमटतो. बहुतेकांचा तो सहा महिने ते वर्षभरात फिका होतो, काहींचा जास्त रेंगाळतो. गव्हाळ-सावळ्या कातडीवर डागांची धास्ती अधिकच. दोन-तीन आठवड्यांनी गाठीसारखं साकळलेलं रक्त सुईने टोचून काढलं, तर हा डाग कमी होतो. म्हणून इंजेक्शन देऊन मोकळं होणाऱ्यापेक्षा पुन्हा बोलावून पाहणारा डॉक्टर निवडावा.

लेझरचा प्रकाश शिरेतलं हिमोग्लोबिन शोषतं, तापतं आणि शीर करपते. अडचण अशी, की कातडीला रंग देणारं मेलॅनिनही तोच प्रकाश शोषतं. 532 नॅनोमीटरचं लेझर गोऱ्या कातडीवर छान चालतं, आपल्याकडे ते चटके आणि डाग देऊ शकतं. 1064 नॅनोमीटरचं एनडी-याग लेझर मेलॅनिनला बरंच चुकवून खोल जातं, म्हणून सावळ्या कातडीला तेच त्यातल्या त्यात सुरक्षित, पण दुखतं. नाकाच्या कडेच्या, गालांवरच्या रेषांवर मात्र लेझर उत्तम, कारण तिथे दाब कमी आणि शिरा नाजूक. पायांवर ते सुईची भीती वाटणाऱ्यांसाठी किंवा सुई शिरणार नाही इतक्या बारीक रेषांसाठी राखून ठेवावं. उन्हाने रापलेल्या कातडीवर लेझर नकोच. किनाऱ्यावर रोज फिरणाऱ्यांनी हे आधीच सांगावं. शिरा घालवणाऱ्या मलमांवर पैसे घालवू नयेत.

इंजेक्शननंतर लगेच पंधरा-वीस मिनिटं चालायचं आणि घट्ट पायमोजे काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे वापरायचे. मे महिन्याच्या घामात ते कुणालाच सोसत नाहीत, म्हणून दिवाळीनंतरचे थंड दिवस त्यासाठी बरे. बोटीवर किंवा आखातात कामाला जाणाऱ्यांनी लांबच्या विमानप्रवासाच्या तोंडावर हा उपचार घेऊ नये. गरोदरपणात तर मुळीच नको: तेव्हा उमटलेल्या कितीतरी रेषा बाळंतपणानंतर काही महिन्यांत आपोआप विरतात.