एका थॉर्नटनच्या बदल्यात तीन खेळाडू

30 नोव्हेंबर 2005 रोजी नॅशनल हॉकी लीग या आइस हॉकीच्या लीगमधल्या बॉस्टन ब्रुइन्स संघाने आपला कर्णधार, 26 वर्षांचा सेंटर (आक्रमणाच्या फळीत मध्यभागी खेळणारा) जो थॉर्नटन, सॅन होजे शार्क्सला देऊन टाकला. बदल्यात ब्रॅड स्टुअर्ट, मार्को स्टर्म आणि वेन प्रिमो हे तिघे आले. तिघेही कामाचे खेळाडू होते. तरीही माझ्या मते हा सौदा तोट्याचाच होता, आणि त्यामागचं गणित समजून घेण्यासारखं आहे.

बर्फावर एका वेळी गोलरक्षक धरून संघाचे सहाच जण असतात आणि त्यांत सेंटर सहसा एकच. आघाडीचा सेंटर 60 मिनिटांतली 20 मिनिटं खेळतो. ती मिनिटं तीन मध्यम खेळाडूंना एकाच जागी उभं करून भरता येत नाहीत. म्हणून विश्लेषक खेळाडूची तुलना शून्याशी करत नाहीत, तर स्वस्तात आणि सहज मिळणाऱ्या पर्यायी खेळाडूशी करतात. त्याच्यापेक्षा हा किती गोल जास्त मिळवून देतो, किती वाचवतो, ते मोजायचं. असे साधारण सहा गोल म्हणजे हंगामात एक जास्तीचा विजय. मध्यम खेळाडू या पट्टीवर थोडाच वर असतो, त्यामुळे तिघांची बेरीज करूनही अव्वल सेंटर हाती लागत नाही.

थॉर्नटनने शार्क्सकडून 58 सामन्यांत 92 गुण मिळवले. गोल केला की एक गुण, गोलसाठी पास दिला तरी एक. हंगामअखेर त्याचे 125 गुण झाले, त्यांतले 96 निव्वळ पासचे. लीगमध्ये तो पहिला आला आणि सर्वोत्तम खेळाडूची हार्ट ट्रॉफीही त्यालाच मिळाली. त्याच्या शेजारी खेळणाऱ्या जोनाथन चीचूचे आधीच्या हंगामातले 28 गोल थेट 56 वर गेले! त्या वर्षी नियम बदलल्याने संपूर्ण लीगमध्येच गोल वाढले होते, हे खरं. पण दुप्पट वाढ त्याने होत नाही. सेंटरची किंमत अशी दुसऱ्याच्या नावावरही जमा होते, आणि ती वेगळी काढणं हा या शास्त्रातला सगळ्यात अवघड भाग आहे.

बॉस्टनची बाजू घेणारे पगाराकडे बोट दाखवतात. संघाच्या एकूण पगाराला तेव्हा 3 कोटी 90 लाख डॉलरची मर्यादा होती आणि थॉर्नटनचा वाटा मोठा होता. जागा मोकळी झाली, 2006 च्या उन्हाळ्यात बचावपटू झ्डेनो चारा आला आणि 2011 मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली बॉस्टनने लीगच्या विजेतेपदाचा स्टॅनली कप जिंकला. शार्क्सला तो कप कधीच मिळाला नाही. मोकळ्या झालेल्या पैशालाही किंमत असते, हे मान्य. पण चारा बॉस्टनलाच येईल हे नोव्हेंबर 2005 मध्ये कोणाला ठाऊक होतं? सौदा जोखायचा तो त्या दिवशी हाती असलेल्या माहितीवर. त्या दिवशी 26 वर्षांचा, ऐन भरातला सेंटर बाजारात होता आणि बॉस्टनने त्याच्यासाठी एकही अव्वल दर्जाचा खेळाडू मागून घेतला नाही.