रंगात रंग मिसळणारं ब्लँकेट: केक घ्यायचा की दोन धागे एकत्र धरायचे?

फोटोत दोन्ही ब्लँकेटं सारखीच दिसतात. एका टोकाला गडद निळा, मग मोरपिशी, मग पोपटीकडे झुकणारा हिरवा, शेवटी जवळजवळ पांढरा. आणि रंग नेमका इथे बदलला, असं बोट ठेवून कुठेच दाखवता येत नाही. पण एक ब्लँकेट असतं गुंड्यातच रंग बदलत जाणाऱ्या धाग्याचं. तो गुंडा वरून-खालून चपटा गुंडाळलेला असतो, म्हणून सगळे त्याला ‘केक’ म्हणतात. दुसरं असतं साध्या एकरंगी लोकरीचे दोन धागे एकत्र धरून विणलेलं. क्रोशाची सुई तीच, टाकेही तेच. तरी एकाचा हिशेब दुसऱ्याला लावला की रंग भलत्याच ठिकाणी संपतात.

त्याआधी ‘शेडेड’ लोकर बाजूला काढू. दुकानात ‘रंग बदलणारी लोकर’ मागितली की बहुतेक वेळा हीच पुढ्यात येते. तिच्यात दर काही सेंटिमीटरला रंग बदलतो आणि तेच चक्र पुन्हा पुन्हा फिरतं. तिचं ब्लँकेट ठिपक्याठिपक्यांचं होतं, कधी मधेच एका रंगाचा डबका साचल्यासारखा दिसतो. बाळाच्या टोपीला छान, पण आपल्याला हवा तो उतार तिच्यातून निघणार नाही. केकचा आकार पाहूनही भुलू नका. केरॉन केक्स किंवा लायन ब्रँडचा मंडाला हे दिसायला केकच, पण त्यांत एक रंग संपतो आणि दुसरा सुरू होतो, म्हणजे सरळ पट्टे. जपानच्या नोरो कंपनीच्या कुरेयॉनमध्ये तंतू आधी रंगवून मग कातलेले असतात, त्यामुळे रंग खरोखर एकमेकांत विरघळतात. मात्र तिथेही रंगांचं चक्र पुन्हा येतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदाच होणारा प्रवास हवा असेल तर धाग्याचा प्रकार लेबलवर नीट वाचायचा.

असा एकदाच उतरणारा केक म्हणजे उदाहरणार्थ डच कंपनी स्खेपयेसचा ‘व्हर्ल’. 60 टक्के कॉटन, 40 टक्के अ‍ॅक्रिलिक, साधारण 220 ग्रॅम वजन आणि लांबी 1000 मीटर. त्याचा धागा बोटांत घेऊन जरा उलगडून बघा. एकमेकांना जेमतेम पीळ दिलेले चार बारीक धागे दिसतील. सुरुवातीला चारही निळे. थोडं पुढे गेलं की एक बारीकशी गाठ लागते आणि तिथून तीन निळे, एक मोरपिशी. पुढच्या गाठीनंतर दोन-दोन. मग एक निळा, तीन मोरपिशी. शेवटी चारही मोरपिशी. म्हणजे केकमध्ये जादू नाही. दोन धागे एकत्र धरून आपण घरी जे करतो तेच कारखान्यात चार धाग्यांनी केलेलं असतं. म्हणून तर दोन्ही ब्लँकेटं लांबून सारखी दिसतात.

फरक हा की केकमध्ये रंग कधी बदलायचा हे मीटरवर ठरलेलं असतं, आणि दोन धाग्यांत ते आपण ओळींवर ठरवतो. बाकीची सगळी भानगड इथून सुरू होते.

समजा केकमध्ये पाच रंग आहेत आणि प्रत्येकाच्या वाट्याला 200 मीटर. साडेतीन मिलिमीटरच्या सुईने साधे खांब (डबल क्रोशे) घालत 90 सेंटिमीटर रुंदीचं ब्लँकेट सरळ ओळींत विणलं, तर एका ओळीला ढोबळमानाने 9 मीटर धागा जातो. एका रंगाच्या बावीसएक ओळी होतात आणि सगळे पट्टे सारख्या उंचीचे येतात. इथवर ठीक. आता तोच केक घेऊन मधोमध सुरू करून चारी बाजूंनी वाढणारा चौकोन विणला तर? प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा मोठी, धागा मात्र तेवढाच. एक मीटर बाजूचा चौकोन धरला तर पहिल्या रंगाचा मधला चौकोनच जवळजवळ 45 सेंटिमीटरचा होतो. त्याच्या बाहेर दुसऱ्या रंगाची पट्टी 9 सेंटिमीटर, मग 7, मग 6, आणि शेवटच्या रंगाला उरतात पाचएक सेंटिमीटर. ज्या फिक्या रंगासाठी केक घेतला तो काठाला लावलेल्या पायपिंगसारखा दिसतो.

कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं विणायची पद्धत सध्या फार चालते. तिथे आणखी वेगळंच होतं. ओळी आधी वाढत जातात, अर्ध्यावर आल्या की घटत जातात. त्याच एक मीटरच्या चौकोनात कर्णावर मोजलं तर पहिला आणि पाचवा रंग प्रत्येकी 45 सेंटिमीटर खातात, दुसरा आणि चौथा अठराएक, आणि मधल्या रंगाला मिळतात फक्त 15. मधला रंग सगळ्यात आवडता असेल तर हा आकार घेऊ नये. उलट दोन टोकांचे रंग आवडते आणि मधला नुसता पूल असेल, तर हाच आकार सुंदर दिसतो.

दोन धाग्यांच्या पद्धतीत हे गणित उलटं फिरतं. रंगांना क, ख, ग, घ, च म्हणा. आधी क-क धरून विणायचं, मग क-ख, मग ख-ख, मग ख-ग, असं करत च-च पर्यंत. पाच रंगांचे नऊ पट्टे होतात. प्रत्येक पट्टा 14 सेंटिमीटर धरला तर लांबी सव्वा मीटरच्या आसपास. पट्टा कुठे संपवायचा ते आपल्या हातात, पण लोकर किती आणायची हेही आपल्यालाच काढावं लागतं, आणि इथेच बायका फसतात. पाचही रंग सारखेच आणले की टोकांचे उरतात आणि मधले कमी पडतात. प्रत्येक पट्ट्यात दोन धागे, म्हणजे नऊ पट्ट्यांचे अठरा वाटे. क ला क-क चे दोन आणि क-ख मधला एक, असे तीन वाटे जातात. ख ला दोन्ही बाजूंचा एकेक आणि स्वतःचे दोन, असे चार. एकूण 900 ग्रॅम लोकर लागणार असेल तर टोकाचे दोन रंग दीड-दीडशे ग्रॅम आणि मधले तीन दोन-दोनशे. एकूण किती लागेल याचा अंदाज घ्यायला दोन ओळी विणण्याआधी आणि विणल्यावर गुंडे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. काटा एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा असला की काम झालं. आणि एका रंगाचे सगळे गुंडे एकदमच घ्या, लेबलवरचा लॉट नंबर, म्हणजे रंगवण्याच्या खेपेचा क्रमांक, बघून. दुसऱ्या लॉटचा निळा आपल्या हलक्या उतारात नेमका पट्ट्यासारखा उठून दिसतो.

मधून सुरू होणारा चौकोन दोन धाग्यांनी विणायचा आणि नऊही पट्टे सारख्याच रुंदीचे हवेत, तर पाच रंगांच्या वजनाचं प्रमाण मोटामोटी 1 : 4 : 7 : 10 : 10 पडतं. बाहेरच्या रंगाची लोकर मधल्याच्या जवळजवळ दहापट! हे दुकानात जायच्या आधी माहीत असलेलं बरं.

रंगांच्या बाबतीत दोन धाग्यांकडून एक चुकीची अपेक्षा असते. निळा आणि पिवळा एकत्र धरला की हिरवा दिसेल असं वाटतं, पण लोकर म्हणजे जलरंग नव्हे. धागे नीरक्षीरासारखे एक होत नाहीत, तिळतांदळासारखे शेजारी शेजारी बसतात, आणि लांबून डोळा दोघांची सरासरी काढतो. निळ्या-पिवळ्याची सरासरी राखाडीकडे जाते, लाल-हिरव्याची मातकट. पैठणीतली धूपछाव याच तत्त्वावर चालते, उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या. पण रेशीम बारीक आणि चमकदार असल्यामुळे तिथे मिश्रण लखलखतं. जाड लोकरीत तेच दोन रंग ठिपकेदार दिसतात. ठिपके आवडत असतील तर प्रश्नच नाही. नको असतील तर रंग निवडताना रंगापेक्षा त्यांचा फिकेपणा-गडदपणा बघा. पाचही गुंडे ओळीने मांडून मोबाइलवर फोटो काढा आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करा. राखाडी छटा पायरीपायरीने उतरताना दिसल्या पाहिजेत. एखादी पायरी मधेच मोठी असेल तर ब्लँकेटमध्येही तिथेच ठेच लागणार. केकमध्ये हे काम कंपनीने करून ठेवलेलं असतं, आणि बहुतेक वेळा चांगलं केलेलं असतं, हे कबूल करायला हवं.

उतार आणखी गुळगुळीत हवा तर बारीक लोकरीचे तीन धागे घ्या: क-क-क, क-क-ख, क-ख-ख, ख-ख-ख. दोन रंगांमध्ये एकाऐवजी दोन पायऱ्या येतात आणि पाच रंगांचे तेरा पट्टे होतात. माझ्या मते इतकी खटपट फक्त निळा ते केशरी अशा लांब उडीसाठी करावी. आकाशी ते गडद निळा एवढ्यासाठी दोन धागे पुरे.

टाक्याचाही हात असतो यात. उंच खांबांच्या ओळी स्पष्ट दिसतात, म्हणून रंगाची प्रत्येक पायरीही स्पष्ट दिसते. मॉस स्टिचमध्ये एक सिंगल क्रोशे, एक साखळी असं जातं आणि पुढच्या ओळीतला टाका मागच्या ओळीच्या साखळीच्या फटीत बसतो. वरचा रंग खालच्या ओळीत उतरतो, शिवण दिसेनाशी होते. दोन धाग्यांसाठी मी डोळे मिटून हाच टाका सुचवेन.  केकसाठी टाका कुठलाही चालेल, कारण तिथे दोन रंगांमध्ये पायऱ्या तीन-तीन आहेत. फक्त पीळ सैल असल्यामुळे सुई धाग्याच्या मधेच घुसते आणि चारातला एखादा धागा मागे राहतो. टोकदार सुईपेक्षा गोलसर टोकाची घ्या आणि हात जरा सावकाश चालवा. गाठी कापू नका, टाका घालताना उलट बाजूला ढकला.

शेपट्या, म्हणजे धाग्यांची सुटी टोकं, लपवायचं काम ज्यांना नकोसं वाटतं त्यांच्यासाठी हिशेब साधा आहे. केकला सुरुवातीची एक आणि शेवटची एक, झालं. दोन धाग्यांच्या नऊ पट्ट्यांत आठ वेळा एक धागा सुटतो आणि एक येतो, म्हणजे सोळा, शिवाय दोन्ही टोकांच्या दोन-दोन मिळून वीस. पण एक धागा नेहमी चालूच असल्यामुळे नवी शेपटी त्याच्याबरोबर विणता विणता गुंडाळून टाकता येते.

केकचं ब्लँकेट मोठं करायचं म्हटलं की अडतं. एक संपला म्हणून दुसरा जोडला तर फिक्या पांढऱ्यानंतर एकदम गडद निळा उगवतो. त्याऐवजी दोन केक एकाच टोकापासून एकदम सुरू करायचे: दोन ओळी पहिल्याच्या, दोन ओळी दुसऱ्याच्या. न लागणारा धागा कडेने वर न्यायचा. प्रत्येक रंगाला दुप्पट धागा मिळतो आणि उतार तसाच राहतो. दोन्ही केकची गाठ अगदी एकाच ओळीत येईलच असं नाही, पण ती चुकामूकही मिश्रणात खपून जाते. दुसरा उपाय म्हणजे दुसरा केक उलटा जोडायचा, पांढऱ्याला पांढरा. मग रंग जातो आणि परत येतो.

अंगावर घेताना हा फरक आणखी जाणवतो. फोर प्लाय जाडीच्या लोकरीचे दोन धागे एकत्र धरले की सुई साडेचार-पाच मिलिमीटरची लागते आणि ब्लँकेट चांगलं जाडजूड, वजनदार होतं. नाशिक-नागपूरच्या जानेवारीला ते हवंच. मुंबई, कोकण, गोव्यात मात्र ते सोफ्याच्या पाठीवरच पडून राहील. तिथे कॉटन मिसळलेला केकच बरा. बाळासाठी करत असाल तरी केक, कारण हलकं असतं आणि लवकर वाळतं. पण बाळासाठी जाळीदार नमुना नको, बोटं अडकतात.

काठाचं आधीच ठरवून ठेवा. केकचं शेवटचं टोक काठासाठी राखायचं तर उरलेला धागा वजनावर मोजा. 220 ग्रॅमला 1000 मीटर, म्हणजे ग्रॅमला साडेचार मीटर. एक मीटर चौकोनाची परिमिती चार मीटर, आणि सिंगल क्रोशेच्या एका फेरीला अंदाजे तिच्या सहा-सातपट धागा जातो, म्हणजे सहाएक ग्रॅम. दोन फेऱ्या हव्या असतील तर काट्यावर पंधरा ग्रॅम दिसले की विणणं थांबवा. दोन धाग्यांच्या ब्लँकेटला काठ सहसा सगळ्यात गडद रंगाचा करतात. मला तो फोटोफ्रेमसारखा वाटतो. त्यापेक्षा प्रत्येक पट्ट्याची कड त्याच्याच जोडीने विणली तर उतार काठावरही चालू राहतो, फक्त शेपट्या वाढतात.